एम्पायर स्टेटच्या खिडक्या आणि बदलती फूटपट्टी

२०१० साली न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर, खिडक्यांचं एक वर्कशॉप चालू होतं. रात्री भाडेकरूंची ऑफिसं रिकामी झाली की माणसं वर जायची, खिडक्यांच्या झडपा उतरवायची आणि खाली घेऊन यायची. जोडकाचा सोडवायच्या, धुऊन लख्ख करायच्या, दोन काचांच्या मध्ये पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, कडेला नवी पट्टी लावायची, पोकळीत क्रिप्टॉन-आरगॉन या उष्णता अडवणाऱ्या वायूंचं मिश्रण भरायचं, सील करायचं आणि झडप परत आपल्या जागी. अशा ६,५१४ खिडक्या, काचेच्या हिशेबात २६ हजारांच्या आसपास तावदानं. जुन्या काचा आणि चौकटी मिळून ९६ टक्के माल पुन्हा वापरात आला.

मी एअर-कंडिशनिंगच्या धंद्यातला माणूस. मुंबई-पुण्यात प्लांट रूमची कामं करतो. आमच्याकडे खिडकी हा विषय 'सिव्हिलवाल्यांचा' आणि चिलर, म्हणजे इमारत गार ठेवण्यासाठी पाणी थंड करणारं यंत्र, आमचा. दोघांची टेंडरं वेगळी, ठेकेदार वेगळे, बिलं वेगळी, आणि एकमेकांशी बोलणं जवळपास शून्य. म्हणून या प्रकरणातली एक गोष्ट वाचली तेव्हा मी पुन्हा मागे जाऊन आकडे तपासले: तळघरातल्या चिलरचे १ कोटी ७३ लाख डॉलर वाचले, आणि त्याला मोठं कारण वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या होत्या. पुढे शहराने कायदे बदलले, इमारत मोजायची फूटपट्टीच बदलली, तेव्हा या कामातलं काय टिकलं आणि काय उघडं पडलं, तेही पाहण्यासारखं आहे.

काम निघालं तेव्हा

इमारत १९३१ ची. १०२ मजले, भाड्याने देण्याजोगी जागा २७ लाख चौरस फुटांच्या घरात. २००८ च्या सुमारास तिचं ऊर्जेचं बिल वर्षाला १ कोटी १० लाख डॉलरच्या वर जात होतं. वर्षाला २५ हजार टन कार्बन डायऑक्साइड, आणि विजेची कमाल मागणी साडेनऊ मेगावॉट. मालक अँथनी माल्किन यांनी इमारतीच्या नूतनीकरणासाठी ५० कोटी डॉलरहून मोठा कार्यक्रम आधीच हातात घेतला होता. भाडं वाढवायचं, मोठे भाडेकरू आणायचे, लॉबी पूर्वीसारखी करायची, लिफ्ट बदलायच्या. त्यातलाच एक भाग ऊर्जेशी संबंधित यंत्रणांचा होता: चिलर, हवा खेळवणारी एअर हँडलिंग युनिटं, कंट्रोल, भाडेकरूंच्या जागेतली दिवाबत्ती. त्यासाठी २००८ च्या बजेटात ९ कोटी ३७ लाख डॉलर धरलेले होते.

हा आकडा लक्षात ठेवायला हवा. ऊर्जा वाचवायची म्हणून हे पैसे काढलेले नव्हते. यंत्रं म्हातारी झाली होती, ती बदलायचीच होती.

या टप्प्यावर क्लिंटन क्लायमेट इनिशिएटिव्ह, ऊर्जेवर संशोधन करणारी रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट, इमारतींच्या यंत्रणा बसवणारी जॉन्सन कंट्रोल्स आणि मालमत्ता सांभाळणारी जोन्स लँग लासाल ही मंडळी एकत्र बसली. सुमारे आठ महिने चर्चा, संगणकावर इमारतीचं मॉडेल, पुन्हा चर्चा. साठाहून जास्त कल्पना टेबलावर आल्या, आठ उरल्या. एप्रिल २००९ मध्ये योजना जाहीर झाली: ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करायचा.

कायद्याचा धाक तेव्हा जवळपास नव्हता. न्यूयॉर्क राज्याचा ऊर्जेचा बांधकाम-कोड होता, पण त्यात एक सोयीची पळवाट होती. एखाद्या यंत्रणेचा निम्म्याहून कमी भाग बदलला तर कोडची अट लागू होत नसे. त्यामुळे नूतनीकरण तुकड्या-तुकड्यांनी करायचं हा तिथला साधा हिशोब. आपल्याकडे 'दुरुस्ती' आणि 'बांधकाम' या दोन शब्दांमधून जेवढं पाणी वाहून जातं, तसंच काहीसं.

आधी गरज, मग यंत्र

आठ कामांची नावं ऐकली तर त्यात काहीच नवलाचं वाटणार नाही. खिडक्या, रेडिएटरच्या मागचे पत्रे, डिजिटल कंट्रोल, माणसांच्या संख्येनुसार ताजी हवा आत घेणं, चिलर प्लांट, नवी एअर हँडलिंग युनिटं, भाडेकरूंच्या जागेतली दिवाबत्ती, आणि भाडेकरूंना आपापला वापर दिसेल अशी मीटरची व्यवस्था. ३८ टक्क्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा कंट्रोलचा, ९ टक्के. खिडक्यांचा फक्त ५, पत्र्यांचा ३.

पत्र्यांची गंमत सांगतो. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतो. त्यातून वाफ खेळते, खोली तापते. आता तो रेडिएटर बाहेरच्या भिंतीला टेकून बसलेला. लोखंड तापलं की खोलीला मिळायच्या उष्णतेतला काही हिस्सा मागे भिंतीत मुरतो आणि तिथून थेट रस्त्यावर. ऐंशी वर्षं ही इमारत थर्टी-थर्ड स्ट्रीटलाही थोडीशी शेकोटी पुरवत होती म्हणा ना. यावर उपाय काय केला? साडेसहा हजारांहून जास्त रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक थर आणि त्यावर चकचकीत परावर्तक पृष्ठभाग. काम कुठल्याही हुशार मिस्त्रीला सुचेल असं. पण प्रत्येक रेडिएटर बाजूला करायचा, मागे हात घालायचा, भाडेकरूचं सामान सरकवायचं, त्याची कुरकुर ऐकायची. आमच्या धंद्यात ज्याला 'किरकोळ काम' म्हणतात ते असंच असतं, मोजताना किरकोळ आणि करताना जीव काढणारं.

आता पैशांकडे या. खिडक्यांचा खर्च ४५ लाख डॉलर, वर्षाची बचत ४ लाख १० हजार. म्हणजे पैसे सुटायला अकरा वर्षं. पत्र्यांचा खर्च २७ लाख, बचत १ लाख ९० हजार. चौदा वर्षं. हे दोन प्रस्ताव सुटे सुटे कुठल्याही कंपनीच्या फायनान्सवाल्यापुढे ठेवा, पहिल्या दोन मिनिटांत बाहेर फेकले जातील. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तर दोन मिनिटंही लागणार नाहीत. 'चौदा वर्षांनी कोण असतंय इथे' असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणेल आणि विषय चहापाण्याकडे वळेल.

पण या लोकांनी ते सुटे ठेवलेच नाहीत. खिडक्या सुधारल्या की उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत येणं कमी झालं. दिवे कमी वॉटचे झाले की त्यांची आत सुटणारी उष्णता कमी झाली. कंट्रोलमुळे रिकाम्या मजल्यांना उगाच हवा जाणं थांबलं. सगळं जमेला धरल्यावर इमारतीला लागणारं कूलिंग सुमारे १,६०० टनांनी कमी झालं, जवळपास एक तृतीयांश. (हे रेफ्रिजरेशनचे टन, वजनाचे नव्हेत. दीड टनाचा घरचा एसी म्हणतो तेच.) एवढा भार उतरल्यावर तळघरातले चिलर बदलून मोठं नवं प्लांट टाकायची गरजच संपली. जुन्या चिलरची लोखंडी कवचं तशीच ठेवली, आतला ऐवज काढून नवा घातला, मोटारींना वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह लावले. २ कोटी २४ लाख डॉलरचं धरलेलं काम ५१ लाखांत झालं.

वाचलेले ते १ कोटी ७३ लाख डॉलर बाकीच्या कामांत गेले. शेवटी ऊर्जेशी संबंधित कामाचा आकडा ९ कोटी ३७ लाखांवरून १० कोटी ६९ लाखांवर गेला. जास्तीचा खर्च १ कोटी ३२ लाख, वर्षाची अपेक्षित बचत ४४ लाख. तीन वर्षांत वसूल. वर विजेच्या कमाल मागणीत साडेतीन मेगावॉटची घट.

इथे एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी एका ऑफिस इमारतीत जुने दोन चिलर बदलायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकी अडीचशे टनांचे. मी ऑपरेटरचं लॉगबुक मागितलं. निळ्या शाईत, तासातासाच्या नोंदी, मधूनच चहाचे डाग. मे महिन्यातल्या सर्वांत वाईट दुपारीसुद्धा दोन्ही मिळून सव्वातीनशे टनांच्या वर गेले नव्हते. पश्चिमेच्या काचांना साधी फिल्म लावली असती तर त्याहून खाली आले असते. मी तसं सुचवलंही, पण एकदाच, आणि दबक्या आवाजात. उत्तर आलं, 'आहे तेवढं हवंच, उद्या कमी पडलं तर?' ऑर्डर अडीचशेच्याच दोन गेल्या. मोठं यंत्र विकण्यात माझंही काही नुकसान नव्हतं. आमच्या धंद्यात जास्त टनेजबद्दल आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही, आणि बहुतेक सगळे अवाढव्य प्लांट याच एका कारणाने बसतात.

म्हणून मला एम्पायर स्टेटमध्ये तंत्रज्ञानाचं फारसं कौतुक वाटत नाही. कौतुक वाटतं ते क्रमाचं, आणि चिलर मरायला टेकलेला असताना खिडक्यांचा विचार करण्याच्या मुहूर्ताचं. हेच काम नवे चिलर बसवून पाच वर्षं झाल्यावर काढलं असतं तर १ कोटी ७३ लाखांतला एक डॉलरही सुटला नसता. खिडक्या पुन्हा अकरा वर्षांच्या, पत्रे पुन्हा चौदा वर्षांचे.

हमी आणि भाडेकरू

बचतीच्या साधारण साठ टक्के भागाची जबाबदारी जॉन्सन कंट्रोल्सने हमी-कराराने घेतली. ठरलेली बचत झाली नाही तर फरक कंपनीने भरायचा. या भागाचं काम आटोपल्यावरच्या पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, २४ लाख डॉलरची बचत नोंदली गेली, हमीपेक्षा पाच टक्के जास्त. त्याच वर्षी इमारतीला लीड गोल्ड हे हरित इमारतींचं मानांकन मिळालं.

उरलेला भाग मालकाच्या हातात पूर्ण नव्हता. ऑफिस इमारतीत दिवे, संगणक, पॅन्ट्री हे सगळं भाडेकरूचं. भाडेकरूने दिवे बदलायचे, आणि फायदा कुणाला? वीज चौरस फुटांवर वाटली जात असेल तर कुणालाच नाही. म्हणून मीटर वेगळे लागले, कराराच्या अटी बदलल्या, आणि नव्या भाडेकरूच्या जागेचं फर्निचर-दिवाबत्तीचं काम निघेल तेव्हाच त्याच्याशी ऊर्जेचा हिशोब मांडायची पद्धत पडली. बांधकाम कंपनी स्कान्स्काने ३२ व्या मजल्यावर आपलं ऑफिस असं केलं आणि ते नमुन्यादाखल दाखवलं जाऊ लागलं. पण भाडेकरू एकदम बदलत नाहीत. करार दहा-पंधरा वर्षांचे. त्यामुळे ३८ टक्क्यांतला हा तुकडा वर्षानुवर्षं हळूहळू पदरात पडत राहिला.

फूटपट्टी बदलते

डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे योजना जाहीर झाल्यावर आठ महिन्यांनी, महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात शहराने एकदम चार कायदे केले. लोकल लॉ ८४: ५० हजार चौरस फुटांवरच्या इमारतींनी दर वर्षी आपला ऊर्जा आणि पाण्याचा वापर जाहीर करायचा. लोकल लॉ ८५: शहराचा स्वतःचा ऊर्जा-कोड, ज्याने ती निम्म्याची पळवाट बुजवली. लोकल लॉ ८७: दर दहा वर्षांनी एनर्जी ऑडिट. लोकल लॉ ८८: दिवाबत्ती सुधारणं आणि मोठ्या भाडेकरूंना वेगळे मीटर.

या चौघांत कुठेही 'इतकंच वापरा' असं नव्हतं. मोजा, सांगा, तपासून घ्या, एवढंच. मालकांनी नाकं मुरडली, पण पाळलं. पुढे काही वर्षांनी मर्यादा २५ हजार चौरस फुटांवर आणली आणि दारावर अक्षरी श्रेणी लावायची सक्ती आली. तिथे हॉटेलच्या दारावर स्वच्छतेचा ए-बी-सी लावतात तसंच.

मग एप्रिल २०१९ मध्ये लोकल लॉ ९७ आला आणि एकक बदललं. आतापर्यंत सगळे डॉलर आणि युनिट मोजत होते. आता शहराने कार्बन मोजायला घेतला. २५ हजार चौरस फुटांवरच्या जवळपास ५० हजार इमारती त्याच्या कक्षेत आल्या. शहराच्या एकूण उत्सर्जनातलं सुमारे दोन तृतीयांश इमारतींतून होतं, त्यामुळे मोटारी-कारखान्यांच्या मागे न लागता शहराने इमारतींनाच हात घातला. इमारतीच्या वापरानुसार दर चौरस फुटाला मर्यादा ठरली. ऑफिससाठी २०२४ ते २०२९ या काळात वर्षाला ७.५८ किलो, आणि २०३० पासून २.६९ किलो. मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड.

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. २००८ च्या एम्पायर स्टेटला हे लावून पाहू. उत्सर्जन २५ हजार टन, जागा २७ लाख चौरस फूट, म्हणजे फुटाला नऊ किलोच्या वर. मर्यादा ७.५८ किलो धरली तर एकूण साडेवीस हजार टन माफ. वरचे साडेचार हजार टन गुणिले २६८, वर्षाला १२ लाख डॉलरच्या आसपास दंड. ३८ टक्के घट धरली तर फुटाला पावणेसहा किलो, दंड शून्य. हा हिशोब ढोबळ आहे. २००८ साली विजेच्या एका युनिटला किती कार्बन धरायचा हे कोष्टक वेगळं होतं, नव्या कायद्याचं वेगळं. पण दिशा कळते: कायदा यायच्या दहा वर्षं आधी केलेल्या कामाने पहिला अडथळा पार झाला.

२०३० चं २.६९ मात्र वेगळं प्रकरण आहे.

इथे त्या कोष्टकाकडे नीट पाहावं लागतं, कारण सगळी गोम तिथेच आहे. कायद्याने २०२४-२९ साठी विजेच्या एका युनिटला ०.२८९ किलो कार्बन धरला. २०३० पासून तो ०.१४५ किलो, म्हणजे निम्मा, कारण तोवर ग्रिडमध्ये पवन आणि जलविद्युत वाढेल असं गृहीत आहे. इमारतीने हातपाय न हलवताही विजेचा कार्बन कागदावर अर्धा होणार. वाफेचं तसं नाही. मॅनहॅटनच्या रस्त्यांखालून १८८२ पासून वाफेचे नळ आहेत, चित्रपटांत गटाराच्या झाकणांतून धूर येताना दिसतो तोच प्रकार. एम्पायर स्टेट याच वाफेवर तापते. या वाफेला दर हजार बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचं एकक) आता ०.०४४९ किलो, आणि २०३० पासून ०.०४३२. फरक जवळपास नाहीच, कारण ती वाफ मुख्यतः गॅस जाळून तयार होते.

म्हणजे २००९ ला डॉलरच्या फूटपट्टीवर जे काम ठरवलं, त्यात विजेची बचत महत्त्वाची होती. उन्हाळी कूलिंग, चिलर, दिवे. कार्बनच्या फूटपट्टीवर विजेचं ओझं आपोआप हलकं होत जातं आणि जड राहते ती वाफ. त्या काळी पोरासोरांचं काम वाटलेले रेडिएटरमागचे पत्रे या नव्या मोजणीत अचानक मोलाचे ठरतात, कारण ते थेट वाफेवर काम करतात. खिडक्याही तशाच, त्या दोन्हीकडून कामी येतात. उलट नुसता कार्यक्षम चिलर २०३० च्या हिशोबात निम्म्याच किमतीचा.

आणखी एक बारकावा. जानेवारी २०११ मध्ये इमारतीने आपली सगळी वीज पवनऊर्जेची प्रमाणपत्रं घेऊन 'हरित' केली होती, वर्षाला साडेपाच कोटी युनिटांसाठी. तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं. लोकल लॉ ९७ ने ही वाट बरीच अरुंद केली. प्रमाणपत्र चालेल, पण फक्त विजेच्या उत्सर्जनापुरतं, आणि ती वीज शहराच्या ग्रिडमध्ये खरोखर पोहोचत असेल तरच. टेक्सासमधल्या पवनचक्कीचा कागद घेऊन मॅनहॅटनमधली वाफ धुऊन काढता येत नाही. माझ्या मते हा या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग आहे, आणि मालकांना सर्वांत टोचलेलाही.

अजून एक आकडा मला अस्वस्थ करतो. २००८ च्या अभ्यासात ३८ टक्क्यांच्या पुढे जायचाही हिशोब मांडला होता. एकूण शक्य असलेल्या घटीपैकी पहिली नव्वद टक्के घट फायद्याची निघाली, प्रत्येक टन कार्बन वाचवताना सरासरी २०० डॉलर उलट हातात येत होते. शेवटच्या दहा टक्क्यांना टनामागे ३०० डॉलरहून जास्त पदरचे लागले असते. म्हणून ते सोडलं. तेव्हा कार्बनच्या टनाला बाजारात किंमतच नव्हती, सोडणं बरोबरच होतं. दहा वर्षांनी शहराने टनाची किंमत ठरवली: २६८. म्हणजे ज्या कामांना २००८ साली सरळ काट मारली ती आता उंबरठ्यावर येऊन उभी. फक्त तेव्हा करायची तर चिलर उघडलेला होता, माणसं जागेवर होती. आता परत सगळं मांडावं लागणार.

को-ऑपची बाजू

हे सगळं ऐकून एक प्रश्न रास्त आहे. माल्किन यांच्याकडे ५० कोटी डॉलरचा कार्यक्रम होता. ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं?

क्वीन्समध्ये ग्लेन ओक्स व्हिलेज नावाची वसाहत आहे, दोन-तीन मजली विटांच्या इमारती, सुमारे २,९०० घरं. ती को-ऑप आहे, म्हणजे आपली हाउसिंग सोसायटीच समजा. रहिवासी भागधारक, मेंटेनन्स सगळ्यांनी मिळून भरायचा. तिथे राहणारी माणसं मध्यमवर्गीय. गॅसवरचे बॉयलर काढून सगळं विजेवर आणायचं तर खर्च घराघरावर येणार, न आणावं तर दंडही घराघरावरच येणार. २०२२ मध्ये त्यांनी इतर मालकांसह शहराविरुद्ध दावा लावला. म्हणणं असं, की राज्याचा २०१९ चा हवामान कायदा असताना शहराला स्वतःचा वेगळा कायदा करायचा अधिकारच नाही. खालच्या कोर्टात हरले, अपिलात अंशतः जिंकले, आणि मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, कोर्ट ऑफ अपील्सने, शहराच्या बाजूने निकाल दिला. कायदा राहिला. त्याच महिन्याच्या १ तारखेला पहिल्या वर्षाचे अहवाल द्यायची मुदत होती.

मधल्या काळात शहराने थोडी ढिलाईही दिली. मर्यादा ओलांडली पण मालकाने प्रामाणिक प्रयत्न केले, पुढची योजना कागदावर मांडली, असं दाखवलं तर दंडात सूट. नियंत्रित भाड्याच्या इमारतींना तर मूळ कायद्यातच आकडेवारीच्या मर्यादेऐवजी ठरावीक कामांची यादी होती: पाइपांना आवरण घाला, रेडिएटरचे व्हॉल्व्ह दुरुस्त करा, गळती थांबवा. पर्यावरणवाल्यांना ही ढिलाई म्हणजे शरणागती वाटली. मला ती यादी आवडली. गळका स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, ज्याने हाताने बदलला आहे त्याला कळेल, की पन्नास घरांच्या इमारतीत अशा पाच-सहा ट्रॅपमधून किती वाफ फुकट जाते, आणि वरच्या मजल्यावरची माणसं भर थंडीत खिडकी उघडून का बसतात.

आपल्याकडे चित्र उलट्या बाजूने सुरू होतं. एनर्जी कन्झर्वेशन बिल्डिंग कोड २००७ साली आला, २०१७ मध्ये सुधारला, घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली, २०२२ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली. पण या सगळ्यांची नजर मुख्यतः नव्या बांधकामावर, १०० किलोवॉटच्या वरच्या जोडभारावर. उभ्या असलेल्या इमारतीने दर वर्षी आपला वापर जाहीर करावा, ही न्यूयॉर्कची २००९ ची पहिली पायरीसुद्धा आपल्या शहरांत सक्तीची नाही. फोर्टमधलं १९७२ चं गोदरेज भवन २०१० मध्ये मालकांनी आपणहून सुधारून घेतलं, त्यावर अभ्यासही झाला. पण अशी उदाहरणं बोटांवर मोजावी लागतात, आणि ती बहुधा मालकाच्या हौसेवर उभी असतात. सोसायट्यांत दर सात-आठ वर्षांनी बाहेरून प्लास्टर आणि रंगकाम निघतं, परांची बांधली जाते, लाखो रुपये जातात. पश्चिमेच्या भिंतीवर उष्णतारोधक थर चढवायचा, खिडकीवर छज्जा वाढवायचा खरा मुहूर्त तोच. परांची आधीच बांधलेली असते. मी गेल्या काही वर्षांत तीन सोसायट्यांना हे सांगितलं. तिघांनीही रंगाच्या शेडवर जास्त वेळ चर्चा केली.

आज

एम्पायर स्टेटच्या मालकांचं म्हणणं आहे की आता उत्सर्जन निम्म्याहून खाली, ५४ टक्क्यांनी कमी झालंय. त्यात इमारतीच्या कामाचा वाटा आहे, ग्रिड स्वच्छ झाल्याचाही आहे. राज्याच्या ऊर्जा संस्थेने उंच इमारतींसाठी चालवलेल्या एम्पायर बिल्डिंग चॅलेंजमध्येही ते उतरले आहेत, आणि तिथला मुख्य प्रश्न वाफेचाच आहे.

त्यात एक जागा मला फार ओळखीची वाटते. अशा खोल, रुंद मजल्यांच्या इमारतीला भर जानेवारीतही मध्यभागी कूलिंग लागतं. माणसं, संगणक, सर्व्हर, लिफ्टच्या मोटारी यांची उष्णता आत कोंडलेली असते. ती चिलरने उचलायची आणि छतावरच्या कूलिंग टॉवरमधून आकाशात सोडायची. त्याच वेळी, त्याच मजल्यावर, दहा-बारा मीटर अंतरावर, खिडकीखालचा रेडिएटर रस्त्याखालून विकत आणलेल्या वाफेवर तापत असतो. एकीकडे उष्णता टाकायला वीज जळते, दुसरीकडे उष्णता घ्यायला गॅस. टॉवरकडे जाणारं कोमट पाणी हीट पंपातून, म्हणजे त्यातली उष्णता उचलून जास्त तापमानाला देणाऱ्या यंत्रातून, फिरवून त्या रेडिएटरच्या लाइनीला देता येतं. पण रेडिएटर वाफेच्या तापमानासाठी बनलेले, हीट पंपाचं पाणी त्याहून बरंच थंड. कमी तापमानाच्या पाण्यावर खोली उबदार ठेवायची तर बाहेर जाणारी उष्णता आधीच कमी असावी लागते, म्हणजे काच चांगली हवी आणि भिंत झाकलेली हवी.

त्या काचा आणि ते पत्रे तिथे २०१० सालापासून बसलेले आहेत.